इसोल्डेसाठी राखलेला आवाज: लिसे डेव्हिडसेन यांच्या वाटचालीचा प्रकरण अभ्यास

२०१५ च्या उन्हाळ्यात लिसे डेव्हिडसेन या नॉर्वेजियन सोप्रानोने, म्हणजे सर्वांत उंच पल्ल्याच्या गायिकेने, पाठोपाठ तीन आंतरराष्ट्रीय गायनस्पर्धांत बक्षिसे मिळवली: अ‍ॅमस्टरडॅमला भरलेली हान्स गाबोर बेल्वेडेर स्पर्धा, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झालेली ऑपेरालिया आणि ऑस्लोची क्वीन सोन्या स्पर्धा. ऑपेरालियात पहिल्या क्रमांकाबरोबरच स्वीडिश सोप्रानो बिर्गिट निल्सन यांच्या नावाचे पारितोषिक आणि श्रोत्यांच्या पसंतीचे पारितोषिकही त्यांनाच मिळाले. तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या, मोठ्या रंगमंचांवर त्यांचे नाव जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते, आणि तरीही त्यांचा आवाज ऐकणाऱ्या प्रत्येक जाणकाराच्या ओठांवर एकच प्रश्न होता: या इसोल्डे केव्हा गाणार? इसोल्डे ही वाग्नरच्या «ट्रिस्टान उंड इसोल्डे» या ऑपेराची नायिका असून सोप्रानोच्या संपूर्ण भांडारात तिच्याइतकी दमछाक करणाऱ्या भूमिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. डेव्हिडसेन यांनी ती रंगमंचावर आणण्यासाठी २०२६ साल ठरवले. मधल्या दहा वर्षांत त्यांनी काय गायले, कोणत्या क्रमाने गायले आणि कशाला थांबवून ठेवले, याचा हा अभ्यास आहे.

ऑपेरालियाच्या मंचावर त्यांनी गायलेली आरिया, म्हणजे एकल गीत, वाग्नरच्या «टानहॉयझर»मधली होती, «डिश, टॉयरे हाले». दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा एलिझाबेथ रिकाम्या गायनदालनात धावत येते आणि त्या दालनालाच अभिवादन करते. गाणे जेमतेम तीन-चार मिनिटांचे आहे, पण स्पर्धेसाठी ते निवडणे म्हणजे धाडसच, कारण त्यात लपायला जागा नाही. पहिल्याच वाक्यापासून आवाज मोकळा सोडावा लागतो, आणि शेवटाकडे तार सप्तकातल्या 'बी' स्वरावर संपूर्ण वाद्यवृंदाच्या डोक्यावरून तो निघून जावा लागतो. त्या सादरीकरणाची चित्रफीत आजही पाहता येते. त्यात लक्षात राहतो तो वरचा स्वर खराच, परंतु काळजीपूर्वक ऐकणाऱ्याला अधिक सांगून जाते ती त्याच्या आधीची शांतता. श्वास घाईने ओढलेला नाही, खांदे वर गेलेले नाहीत, आणि आवाजाचा रंग खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत कोठेही फाटत नाही. एवढ्या मोठ्या आवाजात हा एकसंधपणा २८ व्या वर्षी क्वचित आढळतो.

आवाज मोठा असणे म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट केल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. ऑपेरात गायकाला ध्वनिक्षेपक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० आसने आहेत, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज शंभराच्या आसपास वादकांना ओलांडून पोहोचवायचा असतो. केवळ जोर लावून हे साधत नाही. वाद्यवृंदाचा ध्वनी साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत दाट असतो आणि त्यानंतर उतरत जातो. तयार झालेल्या गळ्यात ३,००० हर्ट्झच्या परिसरात ऊर्जेचा एक पुंजका तयार होतो, जेथे वाद्ये विरळ असतात आणि मानवी कान सर्वाधिक तीक्ष्ण असतो. स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात याची नीट उकल केली. सोप्रानोच्या उंच स्वरांत मात्र आणखी एक युक्ती लागते: जबडा मोकळा करून मुखपोकळीचा अनुनाद थेट गायल्या जाणाऱ्या स्वराशी जुळवावा लागतो, आणि म्हणूनच अगदी वरच्या स्वरांवर शब्द ओळखू येईनासे होतात. श्रोत्यांना ही गायिकेची हयगय वाटते, प्रत्यक्षात ते भौतिकशास्त्र असते.

आणखी एक भेद मराठी वाचकासाठी नोंदवायला हवा. ख्याल गाणारी गायिका आपला षड्ज आपण निवडते, आणि वय वाढले की पट्टी अर्ध्या स्वराने उतरवण्याची मुभा तिला असते. ऑपेरात पट्टी संगीतकाराने दीडशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेली असते. गळ्याला सोयीची पट्टी निवडता येत नसल्यामुळे गळ्याला सोयीची भूमिका निवडावी लागते, आणि सोप्रानोची कारकीर्द बरीचशी या निवडीवर उभी राहते किंवा कोसळते.

डेव्हिडसेन यांच्याबाबतीत हा प्रश्न फार आधी, वेगळ्याच रूपात उपस्थित झाला होता. त्यांचा जन्म १९८७ चा, दक्षिण नॉर्वेतील स्टोक्के या लहान गावातला. घरात ऑपेराची परंपरा नव्हती. किशोरवयात गिटार आणि गाणे, मग समूहगायन, आणि त्यातून जुन्या, विशेषतः बाखच्या संगीताची ओढ, असा त्यांचा प्रवास झाला. बर्गन येथील ग्रीग अकादमीत त्या मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पल्ल्याची गायिका म्हणून शिकल्या. पुढे कोपनहेगनला सुझाना एकेन या शिक्षिकेने त्यांच्या गळ्यातली सोप्रानो ओळखली आणि मेझोच्या सवयी मोडून आवाज वर नेण्याचे काम हाती घेतले.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो घेतला गेला तेव्हा त्याचे साक्षीदार फार तर चार-दोन माणसे असतील. दणकट, जड आवाज उशिरा पक्व होतात. त्यांचा वरचा भाग कोवळ्या वयात उघडत नाही, मधला भाग मात्र भरदार लागतो, म्हणून अशा मुलींना मेझो ठरवून टाकणे ही शिक्षकांची नेहमीची चूक आहे. ती चूक दुरुस्त करायची तर विशीतल्या विद्यार्थिनीला सांगावे लागते की जे तुला चांगले येते ते बाजूला ठेव आणि जे येत नाही ते पुन्हा पहिल्यापासून शीक. अशा काळात गायिका कोणत्याच प्रकारात धड बसत नाही, जुन्या भूमिका हातच्या गेलेल्या असतात आणि नव्या अजून गळ्यावर चढलेल्या नसतात. हा काळ निभावून नेण्यासाठी धीर लागतो तसा पैसाही लागतो. नॉर्वे आणि डेन्मार्क येथील सार्वजनिक संस्थांत डेव्हिडसेन यांना शिक्षणशुल्क पडले नाही, ही गोष्ट चरित्रात्मक लेखांत सहसा येत नाही, पण यायला हवी; कर्ज फेडण्याच्या घाईत असलेली विद्यार्थिनी गळ्याची पुनर्बांधणी करत बसत नाही, मिळेल ते काम घेते.

आता २०१५ च्या शरद ऋतूकडे परत यावे. तीन बक्षिसांनंतर कोणत्या प्रकारची निमंत्रणे येतात, याचा अंदाज बांधण्यासाठी बाजाराची स्थिती पाहावी लागते. वाग्नरच्या इसोल्डे आणि ब्रुनहिल्ड («रिंग» या चार ऑपेरांच्या चक्राची नायिका) या भूमिका पेलणाऱ्या गायिका एकाच वेळी जगात फारच थोड्या असतात, तर या कलाकृती करू इच्छिणारी ऑपेरागृहे अनेक असतात. मोठी गृहे आपले मोसम तीन ते पाच वर्षे आधी आखतात. त्यामुळे २८ व्या वर्षी 'हो' म्हणणारी गायिका ३२ व्या वर्षीच्या आपल्या गळ्याच्या वतीने शब्द देत असते, जो गळा तिने अजून पाहिलेलाच नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी बिदागी प्रयोगागणिक मिळते. आजारपणामुळे प्रयोग सोडला तर त्या रात्रीचे पैसेही गेले. मोठी भूमिका, मोठे नाव, मोठी बिदागी आणि वाट पाहणारे संचालक हे सारे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला केवळ एक शंका की दोन चिमुकल्या स्नायूंच्या पट्ट्या हे सहन करतील की नाही.

या शंकेला इतिहासाचा आधार आहे. ग्रीक सोप्रानो एलेना सुलिओटिस (जन्म १९४३) यांनी १९६५ मध्ये, २२ व्या वर्षी, व्हेर्दीच्या «नाबुक्को»तली अबिगाइले ध्वनिमुद्रित केली. ती भूमिका गळेकापू म्हणूनच प्रसिद्ध आहे. दोन वर्षांनी त्यांची «नॉर्मा» ध्वनिमुद्रित झाली. १९७० चे दशक सुरू झाले तेव्हा त्या आवाजाची पडझड सर्वांना ऐकू येऊ लागली होती. याच्या उलट डेव्हिडसेन यांच्याच देशातील कर्स्टन फ्लागस्टाड यांनी १९१३ मध्ये पदार्पण केले, नॉर्वेत आणि आसपास ऑपेरेटांपासून (विनोदी, हलक्या संगीतिकांपासून) हलक्याफुलक्या भूमिकांपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गायले, आणि इसोल्डे प्रथम गायली ती १९३२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी. १९३५ मध्ये त्या मेट्रोपॉलिटनला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज ताजा होता आणि तो पुढेही दीर्घकाळ टिकला. बिर्गिट निल्सन (जन्म १९१८) यांनीही इसोल्डेला हात घातला तो १९५३ मध्ये, म्हणजे पस्तिशीत. दोन-तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु निर्णय घेणाऱ्या माणसासमोर असतात ती अशीच उदाहरणे.

डेव्हिडसेन यांची पुढची पावले या दृष्टीने पाहिली की त्यांतील हिशेब दिसू लागतो, आणि तो हिशेब मुख्यतः वाद्यवृंदाच्या आकाराचा आणि सभागृहाच्या घडणीचा आहे. २०१७ मध्ये इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न महोत्सवात त्यांनी रिचर्ड श्ट्राउसच्या «आरियाडने आउफ नाक्सोस»मधली नायिका गायली. भूमिका वीररसाची, स्वरवाक्ये लांबलचक, पण श्ट्राउसने वादक ठेवले आहेत अवघे ३७, आणि ग्लाइंडबोर्नचे सभागृह सुमारे १,२०० आसनांचे. मोठ्या आवाजाला येथे आपली श्रीमंती उधळता येते आणि तरीही भिंतीवर धडका द्याव्या लागत नाहीत. त्यानंतर हीच भूमिका त्यांनी व्हिएन्ना, एक्स-आं-प्रोव्हांस आणि पुढे न्यूयॉर्क येथे नेली. ज्या भूमिकेने नाव दिले तीच पुन्हापुन्हा गाण्यात काहींना साचेबंदपणा दिसेल. मला त्यात तालीम दिसते, कारण परिचित भूमिकेवर ताण पडत नाही आणि नवीन सभागृहाची पारख करता येते.

२०१८ मध्ये रॉयल ऑपेरा हाउसला वाग्नरच्या «रिंग» चक्रात त्या होत्या, पण कोणत्या भूमिकांत? «डास राइनगोल्ड»मध्ये फ्राया, आणि «डी वाल्क्यूर»मध्ये आठ रणकन्यांपैकी एक, ऑर्टलिंडे. ज्या मंचावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऑपेरालिया जिंकली होती, तेथेच त्या आता काही ओळी गाऊन बाजूला उभ्या राहात होत्या आणि दुसऱ्या कोणाची तरी ब्रुनहिल्ड जवळून ऐकत होत्या. एखाद्या विजेतीला हे कमीपणाचे वाटले असते. प्रत्यक्षात वाग्नरची भाषा, त्याच्या वाद्यांचा दाब, चार-पाच तासांच्या रात्रीत शक्ती कशी राखायची, हे सारे शिकण्याची ही सर्वांत स्वस्त जागा होती.

२०१९ हे वर्ष मोठे. उन्हाळ्यात बायरॉयटला, वाग्नरने स्वतः उभारलेल्या नाट्यगृहात, त्या «टानहॉयझर»ची एलिझाबेथ झाल्या. बायरॉयटच्या वाद्यवृंदाची खाच मंचाखाली झाकलेली आहे, त्यामुळे वाद्यांचा ध्वनी आधी मंचाकडे वळतो आणि गायकाच्या आवाजात मिसळूनच सभागृहात येतो. वाग्नर गाण्यासाठी याहून मायाळू जागा नाही. एलिझाबेथ ही भूमिकाही विचारपूर्वक पाहावी. तिला पहिला अंक नाही. दुसऱ्या अंकाच्या आरंभी ती 'डिश, टॉयरे हाले' गाते, आणि तिसऱ्या अंकात तिची प्रार्थना आहे, जी केवळ फुंकवाद्यांच्या साथीने, जवळजवळ कुजबुजीत गावी लागते. आवाजाची फेक पहिल्या गाण्यात कळते, दमसास दुसऱ्यात. माझ्या मते डेव्हिडसेन यांची खरी पारख त्या प्रार्थनेतच होते, कारण मोठा आवाज लहान करताना त्यातला गाभा टिकवणे हे तो मोठा करण्यापेक्षा अवघड असते. त्याच वर्षी डेक्का कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला, एसा-पेक्का सालोनेन यांच्या संचालनाखाली, वाग्नरच्या आरिया आणि श्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांसह. नोव्हेंबरमध्ये चायकोव्हस्कीच्या «हुकुमाची राणी»तील लिझा म्हणून त्या मेट्रोपॉलिटनच्या मंचावर प्रथम आल्या.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडे अवांतर. मोठ्या आवाजावर मायक्रोफोन अन्याय करतो. लहान आवाज आणि मोठा आवाज ध्वनिमुद्रण अभियंत्याच्या पटलावर एकाच पातळीला आणून ठेवले जातात, आणि सभागृहात अंगावर येणारी ती लाट घरच्या स्पीकरमधून येताना एक सुबक वर्तुळ बनून येते. डेव्हिडसेन यांच्या अल्बमांवर काही श्रोते 'चांगले आहे, पण एवढे काय' अशी प्रतिक्रिया देतात, ती त्यामुळेच असावी.

मार्च २०२० मध्ये लंडनला बेटोव्हेनच्या «फिडेलिओ»त त्या लिओनोरे गात होत्या, समोर टेनर योनास काउफमान. महासाथीमुळे ते प्रयोग पूर्ण होऊ शकले नाहीत आणि पाठोपाठ जगभरचे मंच बंद पडले. स्वतंत्र कलाकार म्हणून काम करणाऱ्या गायकांचे या काळात हाल झाले, कारण रद्द झालेल्या प्रयोगांची बिदागी अनेक करारांनुसार देय नव्हती. त्यातल्या त्यात ऑगस्टमध्ये ऑस्लोच्या ऑस्कर्सहाल राजवाड्यातून मेट्रोपॉलिटनसाठी त्यांनी एक मैफल थेट प्रक्षेपित केली. नाइलाजाने मिळालेली विश्रांती गळ्याला लाभली की हातची संधी गेली, हे बाहेरून ठरवता येत नाही. पण २०२१ मध्ये बायरॉयटला त्या परतल्या त्या «डी वाल्क्यूर»मधली जीगलिंडे म्हणून, म्हणजे वाग्नरच्या शिडीवर एकच पायरी वर. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला आरियाडनेपाठोपाठ श्ट्राउसच्याच «एलेक्ट्रा»तील क्रिसोथेमिस आली. «एलेक्ट्रा»चा वाद्यवृंद शंभराहून अधिक वादकांचा, पण त्याचा मुख्य मार झेलते ती नायिका; क्रिसोथेमिसला उसळत्या लाटेवर काही वेळच स्वार व्हायचे असते.

२०२३ आणि २०२४ मध्ये हा क्रम जरा विस्कळीत वाटतो, आणि येथे टीकेला जागा आहे. «डेर रोझेनकाव्हालिअर»मधली मार्शालिन, लंडनला व्हेर्दीच्या «डॉन कार्लो»तील एलिझाबेत्ता, शिकागोला यानाचेकची «येनूफा», मग मेट्रोपॉलिटनला व्हेर्दीची «ला फोर्झा देल देस्तिनो» आणि वर्षाअखेरीस पुच्चिनीची «टोस्का». एवढ्या भाषा, एवढ्या शैली. इटालियन भूमिकांबाबत समीक्षकांचे एकमत झाले नाही. कोणाला त्या आवाजातला थंड प्रकाश व्हेर्दीला नवे रूप देणारा वाटला, तर कोणाला शब्दांना चिकटून येणारी इटालियन ऊब कमी पडली. मला दुसरे मत अधिक पटते, पण हेतू मात्र लक्षात येतो: व्हेर्दी आणि पुच्चिनी यांची लांब, बांधीव स्वररेषा गाताना आवाज ओरडण्याच्या सवयीपासून दूर राहतो, लवचीक राहतो. वाग्नरच्या गायिकांना जुने शिक्षक हाच सल्ला देत आले आहेत.

खरा अपवाद आहे मे २०२४ मधली, पॅरिसच्या बास्तीय ऑपेरातली «सालोमे». सोळा वर्षांची राजकन्या आणि इसोल्डेचा आवाज अशी अपेक्षा श्ट्राउसने या भूमिकेसाठी ठेवली होती, हे सर्वश्रुत आहे. जवळजवळ पावणेदोन तास अखंड चालणारा ऑपेरा, मध्यंतर नाही, आणि शेवटी सर्वांत अवघड दृश्य थकलेल्या गळ्याने एकटीने वाहून न्यायचे. इसोल्डेला थांबवणारी गायिका सालोमेला का थांबवत नाही, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, ही अप्रत्यक्षपणे इसोल्डेचीच चाचणी होती: तेवढाच दाब, पण निम्म्याहून कमी वेळ. «ट्रिस्टान»चे संगीत सुमारे चार तासांचे आहे. इसोल्डे पहिल्या अंकात जवळजवळ सतत मंचावर असते, दुसऱ्या अंकात ट्रिस्टान येताच तिला दोन वेळा वरच्या 'सी'ला स्पर्श करावा लागतो, आणि मग दीर्घ युगुलगान. अखेरचा 'लीबेसटोड', म्हणजे इसोल्डेचे शेवटचे गीत, श्रोत्यांना मोक्षासारखा वाटतो, गायिकेसाठी तो मॅरेथॉनचा शेवटचा किलोमीटर असतो, तोही धावत नव्हे तर तरंगत पार करायचा. १८६५ साली म्युनिकला झालेल्या पहिल्या प्रयोगातला ट्रिस्टान, लुडविग श्नोर, काही आठवड्यांतच, वयाच्या २९ व्या वर्षी मरण पावला. तो आजाराने गेला, तरी या ऑपेराभोवतीची भीती तेव्हापासूनची आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये डेव्हिडसेन मेट्रोपॉलिटनला पुन्हा लिओनोरे गायल्या, पोटात जुळी असताना. भूमिका अशी की नवऱ्याला तुरुंगातून सोडवण्यासाठी बायको पुरुषवेश घेते. वाढते पोट मुलाच्या कपड्यांत दडवत ती गायली गेली. या गमतीखाली एक गंभीर बाब आहे. ऑपेराचा श्वास पोट आणि बरगड्यांच्या खालच्या स्नायूंवर तोललेला असतो, गरोदरपणात तो आधार रोज बदलतो, आणि बाळंतपणानंतर तो पुन्हा नव्याने बांधावा लागतो. त्यानंतरची कामे सोडून त्यांनी रजा घेतली. तीन ते पाच वर्षे आधी लिहिलेले करार गरोदरपणाला विचारात घेत नाहीत, आणि या व्यवसायात अनेक गायिकांनी ही गोष्ट लपवत लपवत निभावली आहे. त्यांनी ती जाहीर केली आणि जागा मोकळी केली. एवढ्या वरच्या पायरीवर पोहोचलेल्या गायिकेलाच हे परवडते, हेही नमूद केले पाहिजे.

हे प्रकरण वाचताना काही मर्यादा डोळ्यांसमोर असाव्यात. टिकलेल्या आवाजाची गोष्ट सांगितली जाते. तितक्याच संयमाने वागूनही ज्यांना निमंत्रणेच आली नाहीत त्यांची कोणी नोंद ठेवत नाही. 'नाही' म्हणण्याची मुभा तीन बक्षिसांनी आणि ध्वनिमुद्रण कंपनीच्या कराराने दिली होती. सहा फुटांहून अधिक उंची, जी दुसऱ्या भूमिकांत अडचण ठरली असती, वाग्नरच्या वीरकन्यांसाठी वरदान ठरली. आणि फ्लागस्टाड यांची वीस वर्षे स्कॅन्डिनेव्हियाच्या बाहेर कोणाच्या खिजगणतीत नव्हती; डेव्हिडसेन यांची प्रत्येक नवी भूमिका मात्र दुसऱ्या दिवशी जगभर ऐकली जाते, म्हणजे चुकण्यासाठी आडोसा त्यांना मिळालेला नाही.

बार्सिलोनाच्या लिसेऊ ऑपेरागृहात जानेवारी २०२६ आणि मेट्रोपॉलिटनला मार्च २०२६, अशी इसोल्डेची आखणी झाली तेव्हा हिशेब असा होता: पहिली इसोल्डे वयाच्या ३८ व्या वर्षी, फ्लागस्टाड यांच्यापेक्षा दोन आणि निल्सन यांच्यापेक्षा तीन वर्षे उशिरा. ब्रुनहिल्ड अजून बाकी आहे. मेट्रोपॉलिटनने आपल्या नव्या «रिंग»साठी त्यांचे नाव जाहीर केले असून त्या चक्राची सुरुवात २०२७-२८ च्या मोसमापासून ठरवलेली आहे. ब्रुनहिल्ड तिच्या पहिल्याच प्रवेशात «होयोतोहो» अशी आरोळी ठोकत वरच्या 'सी'वर येते, आवाज तापवायला एक ओळही मिळत नाही. «डी वाल्क्यूर»च्या तिसऱ्या अंकात तिच्याभोवती जमणाऱ्या आठ बहिणींत या वेळी ऑर्टलिंडे दुसरी कोणीतरी असेल.